ड्रायव्हर ठेवताना झेरॉक्सपलीकडे काय बघता?

नाशिकमध्ये ड्रायव्हरची भरती कशी होते, हे तुम्हाला माहीत आहे. लायसन्सची झेरॉक्स, आधारकार्ड, कुणाची तरी ओळख आणि "एक चक्कर मारून दाखव". चक्कर बरी वाटली की संध्याकाळी तोच माणूस पिंपळगावहून कांद्याचा ट्रक घेऊन कसारा घाट उतरत असतो. घरकामाला बाई ठेवताना आपण चार घरी चौकशी करतो. चाळीस प्रवासी ज्याच्या हाती द्यायचे, त्याला मात्र आधी कुठे होतास, का सोडलंस, एवढंही कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याचा मागचा रेकॉर्ड आणि तब्येत तपासलेली नाही, त्याला पगारी ड्रायव्हर म्हणून स्टिअरिंगवर बसवू नये. ट्रक, स्कूल व्हॅन, कंपनीची बस, अॅम्ब्युलन्स, कशावरच नाही. अपघात झाला की "चालकाचा ताबा सुटला" अशी बातमी येते. हा ताबा बऱ्याचदा त्या रात्री सुटलेला नसतो, नोकरी देतानाच सुटलेला असतो.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट आठवा. यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस आपल्याच औरंगाबाद रोडवर, मिरची हॉटेल चौकात अवजड वाहनाला धडकून पेटली. १२ जण गेले. नंतर चर्चा झाली ती चौकाच्या रचनेची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण रात्रभर अशा गाड्या चालवणारी माणसं कुणी, काय बघून ठेवली, हा प्रश्न त्या गर्दीत हरवला. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टसाठी कंत्राटावर चालणारी बस गर्दीत घुसली. त्या चालकाला मोठी इलेक्ट्रिक बस चालवण्याचं प्रशिक्षण फारच थोडं मिळालं होतं, असं तेव्हा समोर आलं. दोष किती कुणाचा हे न्यायालय ठरवेल. पण त्याला त्या बसवर कुणी आणि कशाच्या आधारावर बसवलं, हे विचारायला निकालाची वाट बघायची गरज नाही.

मालक म्हणतात, "डॉक्टर, कायदा जेवढं सांगतो तेवढं आम्ही करतो." दुर्दैवाने यात तथ्य आहे. २००३ मध्ये विमा भरपाईच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालकाने लायसन्स बघावं, ते वरकरणी खरं वाटलं आणि माणूस गाडी नीट चालवतो याची खात्री झाली की पुरे. आरटीओत जाऊन चौकशी करण्याची अपेक्षा नाही. हा निकाल पैसे कुणी भरायचे याबद्दल होता. आपल्याकडे त्याची भरतीची पद्धत झाली.

याच न्यायालयाने १९९७ मध्ये दिल्लीतल्या शाळांच्या बसबद्दल काय म्हटलं, ते मात्र आपण सोयीने विसरलो. सिग्नल तोडण्यासारख्या गुन्ह्यांत वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा चलान झालेला, किंवा अतिवेग, दारू, धोकादायक ड्रायव्हिंग यात एकदाही सापडलेला चालक शाळेच्या बसवर नको. म्हणजे मागचा रेकॉर्ड बघून नोकरी देणं ही काही परदेशी थेरं नाहीत, आपल्याकडेच ती कल्पना पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी मांडली गेली. अमेरिकेत ट्रकचालक ठेवताना मागच्या तीन वर्षांचा रेकॉर्ड मागवणं कंपनीवर बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये चालक स्वतः एक कोड देतो आणि मालकाला त्याच्या लायसन्सवरचे दंडाचे पॉइंट दिसतात.

आपल्याकडे अडचण कुठे आहे? कॅमेऱ्याने पकडलेलं ई-चलान गाडीच्या नंबरवर फाटतं. दंड मालकाच्या नावावर येतो, मालक तो पगारातून कापतो किंवा थकवून ठेवतो. ताशी शंभरने गाडी हाकणारा माणूस सातपूरची नोकरी सोडून सिन्नरला जातो तेव्हा त्याचं लायसन्स कोरं करकरीत असतं. चालक कोण होता हे सांगण्याचं बंधन कायद्याने मालकावर आहे, पण चलान भरून मोकळं होणं सगळ्यांनाच सोपं वाटतं. सरकारने चलान चालकाच्या लायसन्सला जोडावं आणि त्याच्या संमतीने नव्या मालकाला ते बघता यावं. २०२७ च्या सिंहस्थासाठी किती गाड्या आणि किती हंगामी चालक नाशिकमध्ये उतरतील, याचा विचार करा. एवढं निदान त्याआधी व्हायला हवं.

सरकार करेल तेव्हा करेल. आज मालकाला काय करता येतं? परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की लायसन्स चालू आहे का आणि कोणत्या वर्गाचं आहे, ते दिसतं. फुकट. मागच्या दोन मालकांना फोन करायला दहा मिनिटं लागतात. जीपीएस तर आता बऱ्याच गाड्यांना असतो. त्यातला वेग "माल कुठे पोहोचला" एवढ्यापुरताच बघायचा असतो का?

आता माझ्या खात्यातला विषय. व्यावसायिक लायसन्सला, आणि चाळिशीनंतर सगळ्यांनाच, डॉक्टरचं फॉर्म १-अ लागतं. पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, हे त्यात तपासायचं असतं. प्रत्यक्षात आमच्यातलेच काही जण माणसाकडे न बघता सही ठोकतात. ज्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे असा चालक खिशात 'फिट' सर्टिफिकेट घेऊन माझ्यासमोर बसलेला मी पाहिला आहे. ही सही म्हणजे खोटी साक्ष आहे, आणि मेडिकल कौन्सिलने तिला तसंच वागवायला हवं.

शिवाय त्या फॉर्मात झोपेबद्दल काही विचारलेलं नाही. जाड मान, रात्री जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागणं, हा स्लीप अॅप्निया असू शकतो. असा माणूस आठ तास झोपूनही थकलेला उठतो आणि समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी झोपतो. इन्सुलिन घेऊन जेवण चुकलेल्या मधुमेही माणसाची साखर एकदम उतरली की आधी घाम आणि थरथर येते, मग गोंधळ, मग शुद्ध जाते. सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही गुंगी येते. आणि सलग सतरा तास जागा असलेला माणूस चाकावर जवळपास तसाच वागतो, जसा रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेला. आपली कायदेशीर मर्यादा ३० ची आहे. थकव्याचं मात्र चलान फाटत नाही.

"मग ड्रायव्हर मिळणारच नाहीत, आणि गरिबाच्या पोटावर पाय येईल," हा आक्षेप मी हलका मानत नाही. म्हणून स्पष्ट सांगतो: मधुमेह, ब्लडप्रेशर, अॅप्निया झाला म्हणजे नोकरी गेली, असं मुळीच नाही. उपचार चालू असतील तर यातले बहुतेक जण सुरक्षित गाडी चालवतात. मालकाला आजाराचं नाव कळायचीही गरज नाही, 'फिट', 'उपचारानंतर फिट' किंवा 'सध्या नको' एवढं पुरे. एका जुन्या चुकीवरून माणसाला कायमचं बाद करणंही मला मान्य नाही. पण तपासणी म्हणजे केवळ ड्रायव्हरची झडती, असं समजणाऱ्या मालकांनी स्वतःचं रजिस्टरही काढावं. दिवसाला आठ तास काम हे प्रमाण मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ सालीच घालून दिलं. तुमचा माणूस किती तास चालवतो? ज्याला तुम्ही दोन रात्री सलग पाठवता, त्याचा रेकॉर्ड तुम्हीच बिघडवत असता.

पालकांनीही व्हॅनवाल्या काकांना लायसन्स आणि डोळे शेवटचे कधी तपासले ते विचारावं, रिक्षात मुलं किती कोंबता हे विचारावं. चांगला माणूस यावर रागावत नाही.

फॉर्म १-अ साठी माझ्याकडे येणाऱ्यांनी चष्मा, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि शक्यतो घरातलं एक माणूस बरोबर आणावं, कारण घोरणं घोरणाऱ्याला कधीच ऐकू येत नाही. तपासणीला अर्धा तास लागतो. नुसती सही इथे मिळत नाही.