नौका दिसते, मालक कोठें आहे?

सुमारें लाखभर लोकवस्तीच्या राष्ट्रास एका परक्या श्रीमंताच्या विलासनौकेचा खर्च सोसावा लागावा, ही गोष्ट ऐकणारास थट्टेची वाटेल. परंतु कॅरिबियन समुद्रांतील अँटिग्वा व बार्बुडा या राष्ट्रावर तो प्रसंग खरोखरच गुदरला. ‘अल्फा नेरो’ नांवाची ८२ मीटर लांबीची विलासनौका २०२२ च्या आरंभीं अँटिग्वाच्या फॉलमथ बंदरांत येऊन उभी राहिली. त्याच सुमारास रशियानें युक्रेनवर स्वारी केली. आणि ऑगस्टांत अमेरिकन सरकारनें, खतांच्या धंद्यांतले रशियन धनिक आंद्रेई गुर्येव हे या नौकेचे मालक आहेत, असें जाहीर करून तिच्यावर निर्बंध घातले. जप्ती टाळण्यासाठीं नौकेनें आपला ठावठिकाणा कळविणारें यंत्र बंद ठेविल्याचें बोललें जातें, असेंही त्या जाहीरनाम्यांत होतें. गुर्येव यांच्या बाजूनें उत्तर आलें कीं, नौका आपली नव्हेच!

मग ती कोणाची? दप्तर पाहावें तों निशाण केमन बेटांचें, मालक म्हणून ब्रिटिश व्हर्जिन बेटांतली एक कंपनी, आणि त्या कंपनीच्या मागें एक ट्रस्ट. इतके पडदे दूर सारून पाहिलें तरी जिवंत माणूस हातीं लागेना. इकडे खलाशांचे पगार थकले. तेलावांचून यंत्रें बंद पडून नौका बंदरांतच नासूं नये, म्हणून तिच्यावर दर आठवड्यास सुमारें २८ हजार डॉलर खर्च होत असल्याचें तेथील सरकारनें सांगितलें. शेवटीं २०२३ च्या मार्चांत कायदा दुरुस्त करून सरकारनें ती विकण्याचा अधिकार घेतला. जूनमध्यें लिलाव होऊन गूगल कंपनीच्या एका माजी प्रमुखांनीं ६ कोटि ७६ लक्ष डॉलरांची बोली दिली; तोंच गुर्येव यांची कन्या हक्क सांगत न्यायालयांत उभी राहिली! वादांत सांपडलेला माल कोण घेणार? बोली मागें घेतली गेली, आणि २०२४ च्या जुलैंत तीच नौका ४ कोटींस गेली. देणें मागतांना ज्या नौकेस कोणी धनी नव्हता, तिला विक्रीच्या वेळीं वारस मात्र आढळला, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

गुप्ततेचे कैवारी म्हणतात कीं, श्रीमंतासही खासगी आयुष्य आहे. त्याच्या मुलाबाळांस चोराचिलटांचें भय आहे. हा आक्षेप केवळ पोकळ नव्हे. युरोपीय संघाच्या न्यायालयानें २२ नोव्हेंबर २०२२ रोजीं, कंपन्यांच्या खऱ्या लाभधाऱ्यांचीं नांवें सरसकट सर्व लोकांस खुलीं करणारी तरतूद याच हक्काच्या आधारें रद्द केली. कायद्याचा अभ्यास केलेल्या माणसास हा निकाल सहज झुगारतां येणार नाहीं. पण त्यांतून निघतें तें एवढेंच कीं, नांव चव्हाट्यावर मांडण्यास कारण पाहिजे. नांव कोठेंच लिहूं नये, असें तो निकाल म्हणत नाहीं. नौकेवर कोण निजतो, काय खातो, कोणास मेजवानी देतो, याची चौकशी आम्हांस नको. नांगर टाकल्यावर देणें कोणी द्यावयाचें, एवढाच प्रश्न आहे.

१९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारांतील ९१ वें कलम सांगतें कीं, जहाज व तें ज्या राष्ट्राचें निशाण लावतें तें राष्ट्र यांत खरा संबंध असला पाहिजे. तो किती खरा असतो, हें फॉलमथच्या बंदरांत दिसलेंच. आमच्याकडे या व्यवहारास ‘बेनामी’ हा जुना शब्द आहे. प्रिव्ही कौन्सिलनें तर १८५४ मध्येंच असा व्यवहार ग्राह्य मानला होता! स्वतंत्र भारतानें १९८८ मध्यें त्यास बंदी केली व २०१६ मध्यें ती कडक केली. जमिनीच्या तुकड्यास आम्हीं जो नियम लाविला, तो केमन बेटांनीं कोट्यवधि डॉलरांच्या नौकेस कां लावूं नये?

निशाणें विकणारीं बेटें आपण होऊन हें करतील, अशी आशा थोडी; त्यांचा धंदाच मुळीं मौनाचा आहे. मात्र आपल्या बंदरांत कोणत्या अटींवर येऊं द्यावें, हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे. खऱ्या मालकाचें नांव बंदराधिकाऱ्यापाशीं मोहरबंद द्यावें आणि पगार किंवा बिल थकल्यास न्यायालयानें तें फोडावें, एवढी अट अँटिग्वासारख्या बंदरांनीं एकजुटीनें घातली, तर नौकांस दुसरीकडे जाण्यास फारशी जागा उरणार नाहीं. कारण विलासनौकेस सुंदर बंदरें लागतात, आणि तीं मोजकींच आहेत.