विजेरीचा घट आणि त्याचा चार्जर

१९९१ साली बाजारात आलेला लिथियम-आयन घट आज आपल्या घरच्या विजेरीतही येऊन बसला आहे. घट गुणी खरा, पण मानी. वाटेल तो चार्जर त्याला चालत नाही. निकेलच्या घटांच्या चार्जरला त्याची मर्यादा ठाऊक नसते, म्हणून तो लावणे म्हणजे विस्तवाशी खेळच. घटावर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिले असेल, तर ४.२ व्होल्टला थांबणारा, लिथियम-आयनसाठीच केलेला चार्जर घ्यावा.

आता वेगाविषयी. घटाच्या क्षमतेच्या निम्म्या प्रवाहाने तो भरावा, असे आम्ही सुचवितो. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या घटास सव्वा अँपिअर पुरे. सुमारे तीन तास लागतील. ४.२ व्होल्ट गाठल्यावर चार्जर प्रवाह हळूहळू उतरवीत नेतो, त्यामुळे अखेरचा भाग रेंगाळतो. तो चार्जरचा दोष नव्हे. घाईने भरलेला घट मात्र तापतो व लवकर थकतो.

फुगलेला किंवा आवरण फाटलेला घट चार्जरला लावूच नये, आणि घरची मंडळी निजल्यावर कोणताही घट भरत ठेवू नये. तासाभराच्या बचतीसाठी घर पणाला लावणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.