पावती कुणाच्या नावाची?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वर्गणी मागायला कुणी लाजत नाही आणि द्यायला कुणी फारसं अडवत नाही. शिवजयंती असो, गणेशोत्सव असो, तालमीच्या फुटबॉल संघाची नवी जर्सी असो की गल्लीतल्या कुणाचं अचानक निघालेलं ऑपरेशन. चार पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात, “काका, औंदा जरा वाढवून घालायचं बघा,” म्हणतात आणि काका तोंडानं कुरकुरत खिशात हात घालतात. याच काकांना कुणी सांगितलं, की राजकारणावर स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या एका पत्रकाराचं दर आठवड्याचं पत्र मोबाइलवर येतं आणि त्याची वर्षाची वर्गणी अमुक आहे, तर ते चष्मा कपाळावर चढवून विचारतात, “बातम्या वाचायला पैसे? पेपर तर चहाच्या गाड्यावर फुकट हाय की!”

काकांचं चुकतं असंही नाही. छापील दैनिकाची किंमत ते काढण्याच्या खर्चापेक्षा कमी असते. बाकीचा भार जाहिरातदार उचलतो. त्यातला मोठा जाहिरातदार सरकार असतं, त्याखालोखाल बिल्डर, शिक्षणसम्राट आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा छापून घेणारे नेते. वाचकाला पेपर स्वस्त पडतो, कारण त्याचे उरलेले पैसे दुसऱ्या कुणीतरी भरलेले असतात. ज्यांनी भरले त्यांच्याविषयी पेपर किती मोकळेपणी लिहील, हे चहाच्या गाड्यावरच्या वाचकालाही ठाऊक असतं. अशा वेळी कुणी पत्रकार नोकरी सोडतो, जाहिरात घेत नाही आणि फक्त वाचकांच्या वर्गणीवर लिहितो, तेव्हा त्याचे वाचक त्याच्याबद्दल इतक्या आपुलकीनं का बोलतात ते उमगतं. “हा गडी इस्कटून सांगतो,” ही कोल्हापुरातली त्याला मिळणारी सर्वांत मोठी पदवी.

पैसे देऊन पत्रकाराच्या मागे उभं राहण्याची गोष्ट या गावाला नवी नाही. 1881 साली जानेवारीत ‘केसरी’ सुरू झाला. पहिल्याच वर्षात त्यानं आणि इंग्रजी ‘मराठा’नं कोल्हापूर दरबाराच्या कारभाराला हात घातला. तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होतो आहे, त्यांना वेडं ठरवलं जात आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा आरोप होता. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर आरोप केले होते ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै 1882 मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून 26 ऑक्टोबरला दोघे सुटले, तेव्हा मुंबईत त्यांचं जंगी स्वागत झालं. त्याआधी जामिनाची रक्कम जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून त्यांचे स्नेही रामशेट उरवणे यांनी भरली होती.

खुद्द कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी खटल्याच्या मदतीसाठी नाटक करून पैसे जमवले. त्यात स्त्रीभूमिका करणारा सोळा वर्षांचा एक मुलगा होता, गोपाळ कृष्ण गोखले. ज्या दरबारावर टीका झाली त्याच संस्थानच्या कॉलेजातली ही पोरं होती. खटल्यात संपादकांची बाजू लंगडी पडली होती, तरी लोकांनी हात आखडता घेतला नाही. छत्रपतींची बाजू कुणीतरी घेतली, हे त्यांच्या लेखी मोठं होतं. पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबर 1883 रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात महाराजांचा मृत्यू झाला. बनावट पत्रांची लाज ‘केसरी’च्या वाट्याला आली खरी, पण महाराजांविषयी लोकांना वाटणारी काळजी अनाठायी नव्हती.

या गोष्टीला एक पुढचं प्रकरणही आहे. आगरकरांना सामाजिक सुधारणांवर हवं तसं लिहायचं होतं आणि ‘केसरी’त ते जमेना. त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि 1888 च्या ऑक्टोबरात स्वतःचा ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी बाजूची जबाबदारी गोखल्यांनी घेतली. ‘सुधारक’चे वाचक थोडे आणि विरोधक उदंड होते, पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. वाचकांच्या पैशावर पत्र चालवायचं आणि वाचकांना आवडणार नाही तेच लिहायचं, हा उद्योग तेव्हाही परवडणारा नव्हता. तरी आगरकरांनी 1895 साली मृत्यू येईपर्यंत तो सोडला नाही.

दुसरी गोष्ट 1920 सालची. सिडनहॅम कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची कीर्ती कोल्हापूरच्या दत्तोबा पवार यांच्यामार्फत राजर्षी शाहू महाराजांपर्यंत पोहोचली. महाराज मुंबईत परळला त्यांच्या बिऱ्हाडी गेले. वृत्तपत्र काढण्यासाठी त्यांनी 2500 रुपये दिले आणि 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’नं त्याची जाहिरात छापली नाही. मार्चमध्ये माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, जुलैत आंबेडकर अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. 6 मे 1922 रोजी शाहू महाराज गेले. 1923 मध्ये ‘मूकनायक’ बंद पडलं.

महाराजांच्या देणगीचं मोल यानं कमी होत नाही. ती नसती तर पहिला अंकच निघाला नसता. शाहू महाराजांनी ब्राह्मणेतर चळवळीतल्या अनेक पत्रांना असाच हात दिला. पण देणगीवर पत्र उभं राहतं आणि पुढं चालायला वर्गणीदार लागतात. तेच ‘मूकनायक’ला कमी पडले. ज्या समाजासाठी पत्र होतं त्या समाजात अक्षरओळख असलेले थोडे आणि वर्गणी भरण्याइतके पैसे असलेले त्याहून थोडे होते.

बाबासाहेबांनी 3 एप्रिल 1927 रोजी ‘बहिष्कृत भारत’ काढलं, तेव्हा महाडचा सत्याग्रह होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. अंकाचे 24 रकाने त्यांना एकहाती लिहून काढावे लागत, आणि तेही मोबदला न घेता. फेब्रुवारी 1928 मध्ये त्यांनी थेट वाचकांनाच विचारलं, की या पत्राचं तुमच्यावरचं ऋण फेडण्याजोगं आहे की नाही. अग्रलेखाचा सूर विनवणीचा नाही, हिशेब मागणाऱ्याचा आहे. 15 नोव्हेंबर 1929 च्या अंकानंतर हे पत्रही थांबलं. मेहनत, विद्वत्ता, विषय यांतलं काही कमी नव्हतं. कमी होती ती वेळेवर येणारी वर्गणी.

याउलट उदाहरण नगर जिल्ह्यातल्या तरवडी गावचं. सत्यशोधक मुकुंदराव पाटील यांनी 1910 साली ‘दीनमित्र’ सुरू केलं आणि 1967 पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, ते खेड्यातून चालवलं. पुण्या-मुंबईच्या जाहिरातदाराला नेवासा तालुक्यातलं हे गाव नकाशावर शोधावं लागलं असतं. पण पत्राचा वाचक शेतकरी होता, त्याला सावकाराचं, भटजीचं, पाटील-कुलकर्ण्यांचं वर्तन आपल्या भाषेत कुणीतरी लिहितं आहे हे दिसत होतं, आणि तो पत्राला धरून राहिला.

आणीबाणीत मुंबईतल्या दोन इंग्रजी पत्रांवरही वाचकांच्याच आधारानं तगून राहण्याचा प्रसंग आला. सनदी सेवेतून बाहेर पडलेले ए. डी. गोरवाला 1960 पासून ‘ओपिनियन’ नावाचं छोटेखानी साप्ताहिक काढत. 1951 साली नियोजन आयोगासाठी सार्वजनिक प्रशासनावरचा गाजलेला अहवाल लिहिणारे हेच. पत्राची पानं मोजकी, मजकूर बहुतेक सरकारच्या कारभाराची चिरफाड करणारा, आणि ते टपालानं वर्गणीदारांच्या घरी जाई. सेन्सॉरनं छळलं, छापखाने मागे हटले, तेव्हा गोरवालांनी चक्रमुद्रित प्रती काढून पाठवल्या. 1976 मध्ये अखेर पत्र थांबलं.

दुसरं राजमोहन गांधी यांचं ‘हिम्मत’. तेही छापायला कुणी धजेना, तेव्हा संपादकांनी वाचकांना आवाहन केलं, स्वतःचा छोटा छापखाना घ्यायचा आहे. वाचकांनी छोट्या छोट्या रकमा पाठवल्या, छापखाना आला, अंक निघत राहिला. सेन्सॉरशिपच्या काळात एखाद्या साप्ताहिकाला पैसे पाठवणं म्हणजे आपलं नाव-पत्ता कुठल्यातरी वहीत लिहून देणं होतं. लोकांनी तेही केलं.

या साऱ्या एकखांबी पत्रांचा जगातला मोठा भाऊ म्हणजे अमेरिकेतला आय. एफ. स्टोन. सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात, ज्या दैनिकात तो लिहायचा ते बंद पडल्यावर, त्याला नोकरी द्यायला कुणी तयार नव्हतं. जानेवारी 1953 मध्ये त्यानं स्वतःच्या नावाचं साप्ताहिक सुरू केलं. चार पानं, वर्षाची वर्गणी पाच डॉलर, सुरुवातीचे वर्गणीदार सुमारे 5300. त्यांत अल्बर्ट आइन्स्टाइन आणि बर्ट्रांड रसेल होते. वर्गणीचा हिशेब बायको एस्थर बघायची. मंत्र्यांच्या मेजवान्यांना जाण्याऐवजी स्टोन सरकारी अहवाल, समित्यांची इतिवृत्तं, अंदाजपत्रकाच्या पुरवण्या वाचत बसायचा, आणि सरकारनं पान 40 वर मान्य केलेली गोष्ट पान 3 वर कशी नाकारली ते दाखवून द्यायचा. 1964 मध्ये टोंकिनच्या आखातातल्या कथित हल्ल्यावर अमेरिकेतली बहुतेक वर्तमानपत्रं सरकारी निवेदन जसंच्या तसं छापत होती, तेव्हा शंका काढणाऱ्या मोजक्यांत तो होता. 1971 च्या अखेरीस त्यानं पत्र थांबवलं तेव्हा खप 70,000 च्या घरात गेला होता.

स्टोनची ही पद्धत कोल्हापूरकरांना परकी वाटायचं कारण नाही. शहरातल्या सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांच्या बदल्यात 30 वर्षं टोल, असा करार इथं झाला होता. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासह सगळं शहर त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलं, त्यात शिवाजी पेठ मागं नव्हती, आणि 2015 सरताना सरकारला टोल रद्द करावा लागला. आंदोलन जिंकलं, पण त्याआधीचा प्रश्न शिल्लक राहतो. करारावर सह्या होत होत्या तेव्हा त्याची कलमं वाचून, 30 वर्षं म्हणजे काय हे लोकांना इस्कटून सांगणारं लिखाण दर आठवड्याला घरी येत असतं, तर नाक्यापर्यंत गोष्ट गेली असती का? पुढं महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पाच वर्षं प्रशासकच कारभार बघत राहिला. जाब विचारायला वॉर्डात नगरसेवक नव्हता. निविदा, अंदाजपत्रक, आराखडे निघतच होते. त्या कागदांत डोकं घालून बसायला महिने लागतात, आणि त्या महिन्यांचा पगार कुणीतरी द्यावा लागतो.

हल्ली हे जमण्याजोगं झालं आहे. छापखाना नको, टपालहशील नको, वितरक नको. 2012 मध्ये सुरू झालेल्या ‘न्यूजलाँड्री’ या संकेतस्थळानं जाहिरातीऐवजी वर्गणीचा रस्ता धरला आणि एकेका शोधमोहिमेसाठी वाचकांकडून वेगळे पैसे उभे केले. अमेरिकेत इतिहासाच्या प्राध्यापक हेदर कॉक्स रिचर्डसन 2019 पासून राजकारणावर जवळजवळ रोज पत्र लिहितात. ते वाचायला फुकट आहे, तरी असंख्य लोक आपणहून पैसे भरतात, कारण ज्याला परवडत नाही त्यालाही ते वाचता यावं असं त्यांना वाटतं. कोल्हापूरला यात अनोळखी काही नाही. 1850 साली स्थापन झालेलं करवीर नगर वाचन मंदिर याच समजुतीवर उभं आहे: थोड्यांनी वर्गणी भरायची आणि पुष्कळांनी वाचायचं.

धोका मात्र नजरेआड करू नये. जाहिरातदार गेला म्हणजे मालक संपला असं होत नाही. वर्गणीदारही मालक होऊन बसतो. आपल्या पक्षावर टीका दिसली की तो वर्गणी थांबवतो, विरोधकावर आसूड दिसला की लेख पन्नास ग्रुपांवर पाठवतो. पत्रकाराला हे लगेच कळतं. मग हळूहळू त्याचं पत्र टाळ्या मिळणाऱ्या वाक्यांनी भरायला लागतं, कागदपत्रं वाचणं मागं पडतं आणि दर आठवड्याला तोच खलनायक नव्या कपड्यांत येतो. आज मराठीत एकट्यानं चालवलेल्या वाहिन्या आणि पत्रं पुष्कळ आहेत. त्यांतली बरीचशी या खड्ड्याच्या काठावर आहेत. ‘बनावट पत्रं’ आता समाजमाध्यमांवर मिनिटाला शेकड्यानं मिळतात, आणि एकट्या पत्रकाराच्या मागं ती तपासून घेणारा संपादक नसतो. वाचकाचं कौतुक खरं असेल तर त्यात तपासणीही यायला हवी.

तेव्हा ज्या पत्रकाराचा लेख तुम्ही दर आठवड्याला पुढं पाठवता, त्याची वर्षाची वर्गणी या महिन्यात भरून टाका. आणि भरताना त्याला दोन ओळी लिहा: कुठला लेख कामाचा होता आणि कुठल्या लेखातला पुरावा कच्चा वाटला.