‘सण’ आणि ‘उत्सव’ : पर्यायत्वाचा प्रश्न

‘सण’ आणि ‘उत्सव’ हे समानार्थी शब्द म्हणून शिकविण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. मराठीतील प्रत्यक्ष वापर मात्र या समानार्थित्वाला दुजोरा देत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्युत्पत्ती तेवढी रूढ रीतीच्या बाजूने उभी राहते. ‘सण’ हा संस्कृत ‘क्षण’पासून प्राकृत ‘छण’मार्गे आला, आणि अमरकोशात ‘क्षण’ हा ‘उत्सव’चाच पर्याय म्हणून नोंदलेला आहे. (वर्षवाचक ‘सन’ अरबी मुळाचा; त्याचा येथे संबंध नाही, हे न-णचा घोळ घालणाऱ्यांसाठी सांगावे लागते.) परंतु शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या सोबतीच्या शब्दांवरून कळतो. ‘साजरा करणे’ दोहोंना चालते. ते वाढदिवसालाही चालत असल्याने त्यावरून काहीच ठरत नाही. सण ‘येतो’, तोंडावर येऊन ठेपतो. उत्सव कोणीतरी सुरू करतो. लोकमान्य टिळकांनी उत्सव सुरू केला असे आपण म्हणतो, सण सुरू केला असे कोणी म्हणत नाही. उत्सवाला वर्गणी असते, अध्यक्ष असतो; ‘सणाचा अध्यक्ष’ ऐकताच हसू येईल. उलट ‘सणाचा स्वयंपाक’ म्हटले की घरातील पुरणावरणाचा घाट डोळ्यांपुढे येतो, तर ‘उत्सवाचा स्वयंपाक’ देवळाच्या भटारखान्यात शिजतो. घरात मृत्यू झाला की ‘यंदा आम्हांला सण नाही’ असे सांगतात. या वाक्यातील चतुर्थी फार बोलकी आहे. सण घराला असतो, म्हणूनच तो घरापुरता थांबतो. दिवाळसणातला जावई, सणवार, सणासुदीचे दिवस ही सारी शब्दसंपत्ती नात्यांच्या आणि घरकामाच्या कक्षेतली आहे.

१८९३च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, तेव्हापासून एकच भाद्रपद चतुर्थी घरात सण आणि मांडवात उत्सव अशी दुहेरी नांदते आहे. २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘राज्य महोत्सव’ हा दर्जा दिला तो मांडवातल्या गणपतीला. त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. हरकत आहे ती आपल्याच लेखनाला. लोकसाहित्यावरील प्रबंधांत पोळ्याला सरसकट ‘कृषी-उत्सव’ आणि नागपंचमीला ‘स्त्रियांचा उत्सव’ म्हटले जाते. ‘उत्सव’ अधिक शास्त्रीय वाटतो, एवढेच त्यामागचे कारण दिसते. पण या बदलात सणामागचे राबणे, बहुधा बायकांचे, वर्णनातून निसटते आणि जे मिरवते तेवढेच उरते. निवेदक स्त्री ‘सण’ म्हणत असेल तर संकलकाने तिचा शब्द बदलू नये, आणि कोशकारांनीही ‘सण’पुढे नुसते ‘उत्सव’ लिहून नोंद मिटवू नये.