घंटा वाजली, पण कळले कोणाला?

१४ एप्रिल म्हटले की आपल्या वस्त्यांतले निळे झेंडे, मिरवणूक आणि भीमगीतांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. बाबासाहेबांच्या जयंतीचा हा दिवस. याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी चारनंतर मोठे स्फोट झाले, गोदीचा परिसर उद्ध्वस्त झाला, शेकडो माणसे मेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. त्या काळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते.

आगीचा जवान जिवावर उदार होऊन येतो. पण त्याला बोलवायचे कोणी? आग लागल्याची वार्ता आधी कोणाला कळते आणि कोणाला कळतच नाही? आजच्या लेखात आम्ही याच प्रश्नावर लिहिणार आहोत.

नवव्या मजल्यावर निरोप गेला नाही

२५ मार्च १९११. न्यूयॉर्क शहरातील ट्रँगल नावाचा कपड्यांचा कारखाना. दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले या कारखान्याकडे होते. काम करणाऱ्यांत बहुतेक गरीब, परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली. सुट्टी व्हायच्या सुमारास आठव्या मजल्यावर आग लागली. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावर टेलिफोन गेला. दहाव्या मजल्यावर मालकांची कचेरी होती. मालक गच्चीवरून निसटले. नवव्या मजल्यावर मात्र कोणी निरोप दिला नाही आणि तिथे घंटाही नव्हती. त्या मुलींना आग कळली ती ज्वाळा आत शिरल्यावर. एका बाजूचा दरवाजा कुलूपबंद होता. त्या दिवशी १४६ जीव गेले, त्यांतल्या १२३ स्त्रिया होत्या.

पुढे न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला आणि कामगारांच्या सुरक्षिततेचे अनेक कायदे झाले. १९१३ च्या जुलै महिन्यात याच शहरातील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बाबासाहेब दाखल झाले.

टेलिफोन होता, तो चालूही होता, निरोपही गेला. पण तो मालकांच्या मजल्यावर गेला. ही गोष्ट एकशेदहा वर्षांहून जुनी झाली तरी आमच्या मनातून जात नाही, कारण आपल्या इमारतींमध्ये तीच आजही घडू शकते.

आपल्या महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणे घ्या. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. परिचारिकेला धूर दिसला तेव्हा धावपळ सुरू झाली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास गोरेगावला एका पुनर्वसन इमारतीत तळमजल्यावर आग लागली आणि वरच्या मजल्यांवर झोपलेल्या कुटुंबांपर्यंत धूर पोचला. किमान सात माणसे दगावली. मेलेले आपल्यासारखेच कष्टकरी लोक होते. रात्रीच्या आगीत माणूस भाजण्याआधी धुराने गुदमरतो. म्हणून पहिली पाच मिनिटे महत्त्वाची.

अर्धे काम करणारी घंटा

झोपडपट्टी गेली आणि आपली माणसे उंच इमारतींत राहायला आली. ताबा मिळाला तेव्हा भिंतीवर लाल पेटी, छताला धूर ओळखणारे डिटेक्टर, जिन्यात काच फोडून दाबायचे लाल डबे आणि तळमजल्यावर दिवे लुकलुकणारे फायर अलार्मचे पॅनेल होते. पुष्कळ ठिकाणी ते आजही आहे, पण त्यावर धूळ बसली आहे.

हे पॅनेल काय करते? धूर झाला किंवा कोणी डबा दाबला की हूटर वाजवते. बस्. आवाज इमारतीच्या भिंतींच्या आत राहतो. ऐकणारा जागा असेल, ऐकून हलणारा असेल आणि १०१ वर फोन करणारा असेल, तरच बंब येतो. म्हणजे घंटा अर्धे काम करते, उरलेले अर्धे माणसाच्या नशिबावर सोडते.

अमेरिकेत हे उरलेले काम पूर्वी साध्या टेलिफोनच्या तारेने होत असे. पॅनेलच स्वतः देखरेख केंद्राला फोन लावी. आता तांब्याच्या तारांचे टेलिफोन बंद होत चालले आहेत. म्हणून तिथे पॅनेलला सेल्युलर कम्युनिकेटर नावाची पेटी जोडतात. तिच्यात मोबाईलसारखे सिमकार्ड असते. निरोप एकाच मार्गाने जात असेल तर तो मार्ग चालू आहे की नाही हे दर तासाला तपासले गेले पाहिजे, असा तिथला दंडक आहे. आपल्याकडे अशीच साधी पेटी जीएसएम डायलर या नावाने मिळते. फरक इतकाच की, आपल्या साध्या इमारतींसाठी बहुधा असे देखरेख केंद्र नसते. निरोप जातो तो आपणच दिलेल्या नंबरांवर. म्हणून यंत्रापेक्षा नंबरांची यादी अधिक मोलाची.

आमच्या इमारतीत काय झाले

आमच्या पुनर्वसन इमारतीत ८४ घरे आहेत. एका सकाळी अकराच्या सुमारास मीटर रूममधून धूर निघाला. हूटर वाजला. वॉचमन पाण्याच्या पंपाकडे गेला होता. पुरुष मंडळी ड्युटीवर, मुले शाळेत. चौथ्या मजल्यावरच्या एका आजींना जळका वास आला, त्यांनी आरडाओरड केली, बायका खाली धावल्या. बंबाला फोन गेला तोवर बराच वेळ निघून गेला होता. सुदैवाने मीटर जळण्यावर निभावले.

त्यानंतर सोसायटीच्या सभेत आम्ही कम्युनिकेटर बसवण्याचा विषय मांडला. पहिला आक्षेप अपेक्षित होता: "पैसे कुठून आणायचे?" आम्ही हिशेबाची वही उघडली. देखभाल करणाऱ्या कंपनीला वर्षाकाठी ठरलेली रक्कम जात होती, पण बॅटरी बदलल्याची एकही नोंद नव्हती. पेटी, बॅटरी, सिम आणि मजुरी धरून खर्च काढला तर घरटी दोनशे रुपयांच्या आत बसत होता. आक्षेप तिथेच मिटला.

खरा वाद झाला तो यादीवर. पाच नंबर द्यायचे होते. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि दोन सभासद, अशी नावे कोणीतरी भराभरा सांगितली. पाचही पुरुष, पाचही दिवसा कामावर. त्यांतले एक तर घर भाड्याने देऊन दुसरीकडे राहणारे. तेव्हा धुणीभांडी करून दुपारी घरी येणाऱ्या एक ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दिवसा बिल्डिंगीत असतं कोण? आम्हीच ना? मग आमचे नंबर का नाहीत?"

सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. बाईंनी नवव्या मजल्याचाच प्रश्न विचारला होता. निरोप मानाच्या खुर्चीकडे जायचा की जिथे जीव आहे तिथे जायचा? अखेर ठरले ते असे: वॉचमन, दिवसा घरी असणाऱ्या दोन स्त्रिया, रात्रपाळी नसलेला तळमजल्यावरचा एक तरुण आणि सेक्रेटरी. पदाधिकाऱ्यांपैकी एकच.

बसवताना काय पाहावे

हे काम स्वतः वायर जोडून करण्याचे नाही. पॅनेलला हात लावायचा तो लायसन्स असलेल्या एजन्सीनेच. पण काम करून घेणाऱ्याला माहिती हवी, नाहीतर पैसे जातात आणि पेटी मुकी राहते.

पहिली गोष्ट, रेंज. पेटी पॅनेलजवळ बसवतात आणि पॅनेल बहुधा तळमजल्याच्या कोपऱ्यात असते. तिथे सिमला रेंज आहे का ते आधी फोन लावून पाहावे. लोखंडी कपाटात अँटेना ठेवू नये, बाहेर काढावी. सिम सोसायटीच्या नावाचे असावे, सेक्रेटरीच्या पुतण्याच्या नावाचे नको. रिचार्ज संपला की पेटी गप्प, म्हणून रिचार्जची तारीख लाइट बिलाच्या तारखेसारखी फलकावर लिहावी. यंत्र फोर-जीवर चालणारे घ्यावे. जुने टू-जी यंत्र स्वस्त मिळते, पण काही कंपन्यांचे सिम त्यात चालतच नाही. अमेरिकेत २०२२ साली थ्री-जी सेवा बंद झाल्या तेव्हा तिथल्या असंख्य पेट्या बदलाव्या लागल्या, हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट, वीज. आगीत वीज आधी जाते. पेटीला स्वतःची बॅटरी आणि चार्जर असावा. पॅनेलमधून वीज घ्यायची तर पॅनेलच्या बॅटरीला तो भार पेलेल का, हे एजन्सीकडून लिहून घ्यावे.

तिसरी गोष्ट फार जण विसरतात. पॅनेलमधून दोन निरोप निघू शकतात, एक आगीचा आणि दुसरा बिघाडाचा. वायरमन पुष्कळदा आगीचाच जोडून मोकळा होतो. दोन्ही जोडून घ्यावेत. कोणी हूटरच्या आवाजाला कंटाळून मेन स्विच बंद केला, बॅटरी मेली, तर बिघाडाचा निरोप आला पाहिजे. आमच्याकडे दुसऱ्याच महिन्यात तो आला. पाहतो तर रंगकामाच्या माणसाने पॅनेलची वीज काढून आपले यंत्र लावले होते. निरोप आला नसता तर पॅनेल किती दिवस मेलेले राहिले असते?

चौथी गोष्ट, निरोपाची भाषा. काही पेट्या फक्त मोबाईलच्या ॲपवर सूचना पाठवतात. आपल्या कितीतरी माता-भगिनींकडे बटणांचा साधा फोन आहे. म्हणून घंटी वाजवून बोलणारी पेटी घ्यावी. आम्ही मराठीत आवाज भरला: इमारतीचे नाव, विंग, फायर अलार्म वाजतो आहे, ताबडतोब १०१ लावा, लिफ्ट वापरू नका. पेटीत थेट १०१ हा नंबर मात्र अग्निशमन दलाला विचारल्याशिवाय घालू नये. नाहक इशाऱ्यांनी ती लाइन अडली तर दुसऱ्या वस्तीतला कोणी मरेल.

काम संपल्यावर लगेच बिल देऊ नये. आधी डबा दाबून पाहावा, वीज काढून पाहावी, बॅटरीची तार काढून पाहावी. प्रत्येक वेळी पाचही फोन वाजले की मगच सही करावी.

कायदा आपल्या बाजूने आहे

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर जबाबदारी टाकतो. यंत्रणा चालू स्थितीत आहे असे लायसन्स एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावे लागते. आपल्या सोसायटीने गेल्या जुलैत ते दिले का, हे विचारण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे. विचारा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी विनंतीला कचेरीत किंमत नसते, हे कारकुनी करणाऱ्या आम्हाला पक्के ठाऊक आहे.

आणखी एक सांगतो. पेटी आली म्हणून वॉचमनला काढण्याची भाषा काही ठिकाणी सुरू होते. ती ऐकून घेऊ नका. पेटी फोन करते. जिना चढून म्हाताऱ्याला खाली आणत नाही. बारा तास उभा राहणारा तो माणूसही कोणाच्या तरी घरचा कर्ता आहे.

आमच्या इमारतीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, तळमजल्यावरच्या विहारात वंदना झाली की डबा दाबून चाचणी होते. यादीतल्या ताई आपला फोन वर धरून दाखवतात, वहीत तारीख आणि वेळ लिहितात. एकदा पाचवा फोन वाजला नाही. नंबर बदलला होता, त्याच दिवशी यादी दुरुस्त झाली. नाहक इशारा झाला तरी ज्याने डबा दाबला त्याला बोल लावायचा नाही, असाही ठराव केला आहे. एकदा बोलणी खाल्लेला माणूस पुन्हा डबा दाबत नाही.

तथागतांनी शेवटच्या उपदेशातही अप्रमादावर भर दिला. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे. विहारात तो शब्द आपण अनेकदा ऐकतो. इमारतीत त्याचा अर्थ सोपा आहे: चालू बॅटरी, भरलेला रिचार्ज आणि योग्य माणसांची यादी. येत्या सभेत आपल्या सोसायटीला एकच प्रश्न विचारा. आज दुपारी अकरा वाजता आग लागली, तर फोन कोणाला जाईल? ज्यांची नावे येतील ती माणसे त्या वेळी इमारतीत असतील का?

जयभीम!