समृद्धीवर १४० ने गाडी ताणली की वाचतात तेरा मिनिटं. त्यासाठी एवढं?

सध्या आपल्या भागातल्या ग्रुपवर रील फिरतायत. कोकमठाणला समृद्धीवर चढलेली गाडी, काटा १६० वर, मागं मोठ्यानं गाणं. खाली कोपरगाव-राहात्याच्याच पोरांच्या कमेंट: "भाऊ, रोडच १५० साठी बनवलाय, टेन्शन काय!"

हे वाक्य मी आता चहाच्या टपरीवर, लग्नात, दहाव्याला, सगळीकडं ऐकतोय. चांगली शिकलेली, घरदार सांभाळणारी माणसंही बोलतात. म्हणून एकदा हिशोबानं लिहावं म्हटलं. पोस्ट मोठी आहे, पण घरातला कुणी समृद्धीवर गाडी चालवत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. समृद्धी चांगलाच रस्ता आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. एकूण ७०१ किलोमीटर, सहा लेन, समोरून येणारी गाडी नाही, मध्येच चौक नाही, दुचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी. नगर-मनमाड रस्त्यावर खड्डे चुकवत, समोरच्या ट्रकचा लाईट डोळ्यात घेत ज्यानं रात्री गाडी चालवलीय, त्याला फरक सांगायची गरज नाही. त्या रस्त्यावरच्या ७० पेक्षा समृद्धीवरचे १०० कधीही बरे. त्यामुळं "वेग म्हणजे मरण" असल्या पाटीछाप गोष्टी मी सांगणार नाही.

पण "रोड १५० साठी बनवलाय" म्हणजे नेमकं काय? सपाट भागात समृद्धीचं डिझाईन ताशी १५० किलोमीटर धरून केलंय, हे बरोबर. याचा अर्थ एवढाच की वळणं किती मोठी ठेवायची, रस्त्याला उतार किती द्यायचा, पुढचं किती अंतर दिसलं पाहिजे, हे गणित इंजिनिअरनं त्या आकड्यावर मांडलं. त्या गणितात तुमचा घासलेला टायर नाही. टेललाईट बंद करून कडेला उभा राहिलेला ट्रक नाही. कुंपणातून आत शिरलेलं कुत्रं नाही. रात्री दोन वाजता ड्रायव्हरच्या डोळ्यावर आलेली झापड तर नाहीच नाही. म्हणून डिझाईन १५० चं असलं तरी मर्यादा खाली ठेवलीय: कारला १२०, मोठ्या प्रवासी गाड्यांना १००, मालवाहू गाड्यांना ८०. आणि मर्यादा म्हणजे त्याच्या वर जायचं नाही. तेवढं गाठलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही.

आता साधा हिशोब. १२० च्या वेगात गाडी एका सेकंदाला ३३ मीटर जाते. समोर काही दिसलं, डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ५० मीटर गेले. पुढं कोरडा रस्ता, चांगले टायर, पूर्ण ब्रेक असं सगळं जमून आलं तरी थांबायला आणखी ८० मीटर लागतात. एकूण १३० मीटर. हेच ८० च्या वेगात सत्तरच्या आत भागतं. १४० ला १६५ च्या पुढं जातं.

आणि रात्री डिपरवर तुम्हाला दिसतं किती? पन्नास-साठ मीटर. म्हणजे रात्री डिपरवर १२० नं जाणारा माणूस समोरचं दिसतंय म्हणून चालवत नाही. पुढं काही नसणारच, असं गृहीत धरून चालवतो. बहुतेक वेळा खरंच काही नसतं. तिथंच सवय लागते.

१५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री ते गृहीत चुकलं. सैलानी बाबांचं दर्शन घेऊन नाशिककडं निघालेली मिनीबस वैजापूरजवळ, जांबरगाव टोलनाक्याच्या परिसरात, समोरच्या ट्रकवर मागून आदळली. बारा जण गेले. कोपरगाव तालुका ओलांडला की वैजापूर, इतकं ते जवळ. तो ट्रक तपासणीसाठी रस्त्यातच थांबवला होता असा आरोप झाला, आरटीओच्या दोघांवर कारवाईही झाली. चूक कुणाची हे ठरवायला कोर्ट आहे. आपण गाडी चालवणाऱ्यांनी घ्यायची गोष्ट एकच: या रस्त्यावर ट्रक उभा असू शकतो. का उभा आहे हे तुम्हाला तेव्हा कळणार नसतं.

चालता ट्रकही कमी धोक्याचा नाही. त्याला परवानगी ८० ची, पण माल भरलेला असला की तो पन्नास-साठनं ओढत असतो, आणि डाव्या लेनमध्येच असेल याचा भरवसा नाही. तुम्ही १४० ला आहात. दोघांत ताशी ८० किलोमीटरचा फरक. दीडशे मीटरवर दिसलेला तो ट्रक सात सेकंदांच्या आत तुमच्या बोनेटपुढं असतो. मोबाईलवर आलेला मेसेज वाचायलाच पाच सेकंद लागतात.

आता कुणी म्हणेल, सगळे अपघात काय वेगानंच होतात का? नाही होत. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण होरपळून गेले. तिथं टायर फुटल्याचं सांगितलं गेलं, ते प्राथमिक तपासात टिकलं नाही, ड्रायव्हरला डुलकी लागल्याची शक्यता पुढं आली. सरळ, एकसारखा, रिकामा रस्ता डोळे उघडे ठेवूनही माणसाला झोपवतो. नागपूरच्या व्हीएनआयटीच्या अभ्यासकांनीही समृद्धीबद्दल याच संमोहनाकडं बोट दाखवलं होतं. मग वेगाचा संबंध काय? संबंध असा की तीन सेकंदांची डुलकी ६० च्या वेगात पन्नास मीटरची असते, १२० ला शंभर मीटरची. आणि गाडीत साठलेला जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. १०० वरून १४० ला गेलात तर वेग दीडपटही होत नाही, पण धडकेचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. चूक तीच, तिची किंमत दुप्पट.

एवढं करून मिळतं काय, तेही बघू. शिर्डीच्या इंटरचेंजवरून आमणे साधारण १८० किलोमीटर. १२० नं गेलात तर दीड तास. १४० नं गेलात तर ७७ मिनिटं. वाचली तेरा मिनिटं, तीही अख्ख्या रस्त्यात एकदाही वेग कमी झाला नाही तर. आमण्याला उतरलं की भिवंडी-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती तेरा मिनिटं पहिल्या सिग्नलआधीच परत द्यावी लागतात.

आता मला ज्या गोष्टीसाठी मुळात लिहावंसं वाटलं ती. माझा मावसभाऊ शिर्डीत टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर आहे. पूर्वी मुंबईची ट्रिप म्हणजे एक दिवस. घाटातून जायचं, पोचायचं, झोपायचं, सकाळी परत. आता रस्ता झाला तसा मालकाचा हिशोब बदलला: सकाळी मुंबईला सोडून ये, जेव, संध्याकाळी काकडीच्या विमानतळावरून पार्टी उचल, रात्री नाशिक. रस्त्यानं जो वेळ वाचवला तो ड्रायव्हरच्या झोपेत जायला हवा होता, तो दुसऱ्या ट्रिपमध्ये गेला. मावशी रात्री दोनला उठून त्याचं लोकेशन बघत बसते. लाईव्ह लोकेशनचा ठिपका एका जागी जरा जास्त वेळ थांबला की फोन लावते. चहाला थांबला असेल, पण तिला कसं कळणार?

१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत ड्रायव्हरला दिवसाला आठ तासांची मर्यादा सांगत होता. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. आपल्याकडं दोन गाड्या आणि दोन ड्रायव्हर असलेले मालकच जास्त. त्यामुळं कायदा कागदावर आणि पोरगं स्टेअरिंगवर. वेगावर बोलताना आपण नेहमी त्या पोराला शिव्या घालतो. त्याला १४० ला नेणारा फोन मागच्या सीटवरच्या पार्टीचा असतो, नाहीतर मालकाचा: "कुठं पोचला? अजून तिथंच?" हा फोन आपणही करतो. बंद करा.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागाची. समृद्धीवर दोन तास १२० नं आलेल्या माणसाचे डोळे त्या वेगाला सरावतात. खाली उतरल्यावर ७० चा वेग त्याला रांगल्यासारखा वाटतो. आणि कोकमठाणला उतरून तो येतो कुठं? आपल्या रस्त्यांवर. थंडीत गळीत हंगाम सुरू असतो, संजीवनी आणि काळे कारखान्याकडं निघालेले ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रेलर, ऊस बाहेर लोंबतोय, रिफ्लेक्टरचा पत्ता नाही. रामनवमीच्या आधी मुंबईकडून येणाऱ्या साईंच्या पालख्या, पदयात्री, पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेनं चालणारे. द्रुतगती मार्गाचा वेग घेऊन गावच्या रस्त्यावर आलेली गाडी आपल्या लोकांसाठी जास्त धोक्याची आहे. त्या गाडीतल्याला निदान एअरबॅग असते.

आणि हो, "जर्मनीत वेगमर्यादाच नाही" हेही दरवेळी ऐकवलं जातं. तिथल्या ऑटोबानच्या बऱ्याच भागावर खरंच सक्तीची मर्यादा नाही, शिफारस १३० ची आहे. पण तिथं चुकीच्या बाजूनं ओव्हरटेक करायला बंदी आहे आणि लोक ती पाळतात. गाडीची दर दोन वर्षांनी कडक तपासणी होते. लायसन्स आठचा आकडा काढून मिळत नाही. रस्त्यावर विनाकारण थांबणं गुन्हा आहे, गाडीतलं पेट्रोल संपणं हे कारण चालत नाही. आपल्याला जर्मनीतला फक्त वेग हवाय.

मग करायचं काय? माझ्या चार मागण्या आहेत, पटल्या तर आपल्या आमदार-खासदारांना टॅग करा.

एक, समृद्धीवर टोल अंतराप्रमाणे कापला जातो. गाडी किती वाजता चढली आणि किती वाजता उतरली हे फास्टॅगला माहीत असतंच. त्यावरून सरासरी वेग काढून थेट चलन पाठवा. मध्ये कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढं पुन्हा १५०, हा खेळ त्यानं बंद होईल.

दोन, मालवाहू गाड्यांची तपासणी टोलनाक्याच्या आत, वेगळ्या जागेतच झाली पाहिजे. चालत्या लेनमध्ये किंवा कडेला कुणीही, कोणत्याही खात्यानं, गाडी थांबवायची नाही.

तीन, कोकमठाणला उतरतानाच रंबलर आणि मोठे फलक लावा, आणि हंगामात कारखान्यांनी रिफ्लेक्टर नसलेला ट्रेलर काट्यावर घेऊच नये.

चार, ट्रक आणि टुरिस्ट ड्रायव्हरला झोपता येईल अशा जागा ठरावीक अंतरावर करा. पंप आणि हॉटेल झालं म्हणजे विश्रांतीची सोय झाली असं नाही.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातातलं आज करा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर असेल तर समृद्धीवर चढूच नका. हवा थंड टायरमध्ये तपासा. मागच्या सीटवरचा बेल्ट लावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता. गाडी महागडी होती. दर दोन तासांनी खाली उतरा, तोंड धुवा. झोप आलीच तर विश्रांतीच्या जागी गाडी लावून वीस मिनिटं झोपा. गाडी बंद पडली तर सगळ्यांनी उतरून रेलिंगच्या पलीकडं उभं राहायचं, गाडीत बसून राहायचं नाही, आणि ११२ ला फोन करायचा.

समृद्धीवर जोरात गाडी चालवणं सुरक्षित आहे का, याचं माझं उत्तर असं: दिवसा, चांगल्या टायरवर, झोप झालेल्या माणसानं, शंभरच्या आसपास, डाव्या-मधल्या लेननं, हो. रात्री, १४० ला, दुसऱ्या ट्रिपवर, अजिबात नाही. दोन्ही वेळा रस्ता तोच असतो.

तेरा मिनिटं उशिरा या. घरी कुणीतरी ठिपका बघत बसलेलं असतं.