पाहणी कोणाची, कोणासाठी?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण रूढ झाली, तेव्हा घर बांधणारा आणि त्यात राहणारा एकच होता. आता आर्णीसारख्या गावातही आयुष्यभराची पुंजी घालून तयार घर घेणारा नोकरदार रंग, फरशी व नळ पाहतो आणि बँकेचा मूल्यमापक येऊन गेला एवढ्यावर निश्चिंत होतो. ही निश्चिंती फसवी आहे. मूल्यमापकाची पाहणी बँकेसाठी असते. कर्जाला तारण पुरेसे आहे की नाही, हा त्याच्यापुढील मुख्य प्रश्न. घर टिकेल काय, हा प्रश्न खरेदीदाराचा असून तो त्यालाच विचारावा लागेल.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न जमिनीपासूनच सुरू होतो. कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उथळ पाया घातला, की जोते हलते आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या खांबांचा पाया विकसित केला, तो अशाच मातीसाठी. परंतु पाया बुजला आणि गिलावा चढला, की खरे-खोटे दोन्ही झाकले जाते.

म्हणून एकाच पाहणीचा खर्च झेपणार असेल, तर ती पाया व सळया उघड्या असताना, स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याकडून करवावी. घर आधीच उभे असेल, तर पायाचा नकाशा आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांचे २८ दिवसांचे चाचणी अहवाल मागावेत. ते देण्यास टाळाटाळ झाली, तर तोही एक निष्कर्षच होय. भोगवटा प्रमाणपत्र अवश्य पाहावे. मात्र ते मजबुतीची हमी समजू नये.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने संरचनेतील दोषांची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षे विकासकावर टाकली आहे. तथापि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे, आणि लहान गावांतील पुष्कळशी बांधकामे याच मर्यादेत बसतात. शिवाय कायदा बहुधा दोष उघडा पडल्यावर धावतो. महाडमधील पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली, तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. १६ जण दगावले. दोषींवर खटला भरता येतो. गेलेली माणसे परत येत नाहीत.

लाखोंच्या व्यवहारात अभियंत्याचे काही हजार वाचविणे ही काटकसर नव्हे. विसार देण्यापूर्वीच पाहणीची अट करारात लिहून घेण्याचा आग्रह खरेदीदारांनी धरला, तर चांगले बांधणाऱ्यांचे त्यात काहीच बिघडणार नाही.